हलवाहलव

सिस्टर नोकरीतून मोकळ्या झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता जरा पाठ टेकतील. उभा जन्म मोठ्या इस्पितळाच्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात गेला होता. लग्न केलं नव्हतं, करायला सवड झाली नव्हती. पण निवृत्तीचा चहा पिऊन महिना होतो न होतो तोच त्यांच्या दाराच्या कडीला कुणीतरी एक आंधळी कुत्री बांधून गेलं. तेव्हा ती म्हातारी नव्हती, नुसती आंधळी होती. अंगाने गुबगुबीत, कुठेही टेकवा तिथे पसरणारी. सिस्टरनी तिचं नाव ठेवलं उशी.

ती बातमी हां हां म्हणता शहरभर झाली. मग लोक आणून टाकायलाच लागले. कुणाची बदली झाली होती, कुणाकडे बाळ आलं होतं, कुणी नवीन गादी घेतली होती आणि कुत्रं रात्री ती ओली करत होतं. कारणं नाना, पण येणारं जनावर एकाच जातीचं: म्हातारं, थकलेलं आणि दाराकडे बघत बसणारं. सिस्टर नाही म्हणत नसत. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे त्यांनी तीन खोल्या घेतल्या. पहिलीत औषधांचं लोखंडी कपाट आणि मोठं पातेलं, मधलीत गोणपाटाची अंथरुणं, मागची मांजरांची. पुढे फरशीचं अंगण आणि त्याला डोक्याइतकी उंच भिंत. फिनेलचा आणि ओल्या केसांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. शेजारपाजारचे नाक मुरडत. सिस्टर म्हणत, "म्हातारपणाला वास असतोच. तुमची पाळी आली की कळेल."

उशी त्या तीन खोल्यांत अशी वावरायची की नव्या माणसाला ती आंधळी आहे हे सांगावं लागे. कपाटाच्या कोपऱ्याला वळसा, मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय उचलून अलगद पलीकडे, तिथून सरळ पाण्याच्या घमेल्याशी. कधी कुठे धडकली नाही.

तिच्या खालोखाल मान हवालदाराचा. तो कुठल्याशा गिरणीवर राखणीला होता. गिरणी बंद पडली, माणसं आपापल्या घरी गेली आणि कुत्रं फाटकाशीच राहिलं. आता त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. भाकर खाल्ली की नाही हेही त्याला आठवत नसे. पण संध्याकाळ झाली की तो उठायचा, अंगणाच्या भिंतीला अंग घासत पूर्ण फेरी मारायचा, फाटकाशी पोचला की एक मोठा सुस्कारा टाकून बसायचा. ड्यूटी संपली. मग त्याला गाढ झोप लागायची. आणि एक होता कारकून, राखाडी बोका. समोर कागद दिसला की त्यावर बूड टेकणारच. त्याची मूत्रपिंडं गेली होती आणि तो सुईवर जगत होता.

बर्फाच्या कारखान्याचा मालक वारला आणि त्याच्या मुलाने सगळी जागा विकली. मुलगा सज्जन होता. हात जोडून म्हणाला, "काकू, सगळं पाडणार आहेत. माझ्या हातात काही राहिलेलं नाही." सिस्टरनी शहर पालथं घातलं. एक आजी आणि डझनावारी म्हातारी जनावरं म्हटलं की लोक दार लोटून घेत. शेवटी गावाकडून दादाचा, त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला.

"चिमे, माझी कोंबड्यांची शेड पडून आहे. रोग आला तेव्हापासून मी तो धंदा सोडला. ये तुझी वरात घेऊन."

पासष्टी उलटलेल्या बाईला चिमी म्हणणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

निघण्याआधी डॉक्टरीणबाई सगळ्यांना तपासायला आल्या. तरुण होत्या, पण सिस्टरशी त्यांचं मेतकूट जमलेलं. सगळ्यांची छाती-पोटं पाहून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि जरा वेळ टॉवेल तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

"सिस्टर, स्पष्ट बोलू? कारकून आणि हवालदार. या दोघांना नेऊ नका. कारकुनाला प्रवास झेपायचा नाही आणि हवालदाराला नवी जागा. इथेच, त्यांच्या अंथरुणावर, मी शांतपणे इंजेक्शन देते."

"चालतं-फिरतं, खातं-पितं जनावर मारू?"

"उशीचंही मला अवघड वाटतंय, पण..."

"मी आजवर कुणाला मागे टाकलेलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "आता या वयात सुरुवात करणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी टॉवेल खुंटीला लावला. त्या वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या.

खरं म्हणजे सिस्टरना हे कुणी सांगायची गरज नव्हती. वॉर्डाला रंग द्यायचा म्हणून म्हाताऱ्यांना दुसऱ्या मजल्यावर हलवलं की काय होतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. काल जेवणावरून कुरकुर करणारा धडधाकट आजोबा आज संडासाचं दार शोधत भिंतीशी उभा राहतो आणि मग एक दिवस भिंतीकडे तोंड करून निजतो तो उठतच नाही. हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट बाजूला सारता येते. त्यांनी ती सारली. म्हणाल्या, गावाकडे मोकळी हवा आहे, सगळे सुधारतील.

टेंपोवाला गप्पिष्ट निघाला. टोपल्या, पिंजरे, गोणपाटं चढवताना म्हणाला, "काकू, मी सोफे नेले, फ्रिज नेले, एकदा उशीर झाला म्हणून नवरदेवसुद्धा नेला. पण म्हातारी कुत्री पहिल्यांदाच. ही बरी. रस्ता चुकला तर ओरडणार तरी नाहीत."

सिस्टर मागेच बसल्या, जनावरांमध्ये. रस्ता चांगला होता तोवर ठीक चाललं. घाट लागला तशी एकेक ओकायला लागली. सिस्टर पुसत होत्या, पाणी पाजत होत्या, कारकुनाच्या टोपलीवरचा हात मात्र काढत नव्हत्या. टोपलीतून त्याची घरघर तळव्याला लागत होती. कधीतरी एका वळणावर त्यांच्या लक्षात आलं की जी थरथर आपल्याला लागते आहे ती इंजिनाची आहे.

चहाला थांबल्यावर टेंपोवाल्याने ताडपत्री वर करून विचारलं, "सगळे ठीक ना, काकू?"

"ठीक," सिस्टर म्हणाल्या. नाही म्हटलं असतं तर थांबावं लागलं असतं, आणि थांबून करायचं काय? त्या तशाच, मेलेल्या बोक्यावर हात ठेवून, गावापर्यंत आल्या.

दादाने काही कसर ठेवली नव्हती. शेड झाडून, चुना लावून लख्ख केली होती. वहिनींनी भलं मोठं पातेलंभर मऊ भात शिजवून ठेवला होता. त्या मात्र लांब, तोंडाला रुमाल लावून उभ्या होत्या. जन्मात त्यांनी कुत्रं उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. शेड चांगली ऐसपैस, वर पत्रा, दोन्ही बाजूंना जाळी, आणि चहूकडे माळच माळ. वाईट म्हणावं असं काही नव्हतं. उलट, दोन-तीन लहान चणीच्या कुत्र्यांनी पहिल्याच दिवशी उन्हाची जागा धरली आणि सुखाने पोट वर करून पडली.

उशीला सिस्टरनी स्वतः उचलून खाली ठेवलं. ती एक पाय वर धरून उभी राहिली. नाक वर करून हवा हुंगली. कान हलवले. तो पाय खाली टेकायला तिने इतका वेळ लावला की टेंपो रिकामा होऊन निघूनही गेला. मग ती चालली ती सरळ लोखंडी खांबावर जाऊन आदळली. नाक फुटलं. त्यानंतर तिने लांब जाणं सोडलंच. दावं नसलेल्या खुंट्याभोवती फिरावं तशी जागच्या जागी गोल गोल फिरायची, थकली की तिथेच बसायची. पाण्याचं घमेलं तिच्यापासून हातभर अंतरावर असायचं आणि ती तहानेने जीभ काढून बसलेली असायची. सिस्टर चमच्याने पाणी पाजत. भाताला ती तोंड लावेना.

आणि हवालदार? त्याची संध्याकाळ झाली की तो उठायचा आणि भिंत शोधायचा. भिंत नव्हती. तारेचं कुंपण होतं, ते अंगाला टोचायचं. तरी बिचारा त्याच्या कडेने जायचा. फाटक यायचं तिथे फाटक येत नसे. पुन्हा फेरी, पुन्हा फेरी. सिस्टर त्याला धरून आणून निजवायच्या, त्यांची पाठ वळली की तो पुन्हा उभा. एका संध्याकाळी त्या उशीला पाणी पाजून उठल्या तर हवालदार नव्हता. ओढ्याच्या बाजूला कुंपणाखालची माती खचली होती, तिथे त्याचे केस अडकले होते.

दादा स्कूटर घेऊन रस्त्याने गेला, सिस्टर ओढ्याने हाका मारत गेल्या. वहिनीसुद्धा काठी घेऊन बांधाबांधाने फिरल्या. हवालदाराला कमी ऐकू येतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर दूधवाला सांगत आला, की लांब, कोरड्या कालव्यात एक मोठं कुत्रं पडलं आहे.

कालव्याला सिमेंटची भिंत होती. सरळ, गुळगुळीत, डोक्याइतकी उंच. तिच्यावर कुत्र्याच्या उंचीला लांबवर केसांची आणि तेलकट मळाची पट्टी उमटली होती. हवालदाराला हवी तशी भिंत मिळाली होती. तो तिच्या कडेकडेने, फाटक येईल म्हणून, चालत सुटला होता. पंजे सोलून निघाले होते, मागच्या एका पायाचं तर हाड दिसत होतं. बसलेला नव्हता. चालता चालता आडवा झाला होता.

दादाने त्याला स्कूटरवर पुढ्यात घेऊन आणलं आणि बांधाशी खड्डा खणायला घेतला. सिस्टर बाजूला उभ्या होत्या. बराच वेळ नुसता कुदळीचा आवाज येत होता.

"डॉक्टरीण तुला म्हणाली होती ना?" दादाने मान वर न करता विचारलं. फोनवर बोलता बोलता सिस्टरच त्याला ते सांगून बसल्या होत्या.

"म्हणाली होती."

"मग?"

"मग काय मग?"

"तुझं हे पहिल्यापासूनचं आहे, चिमे. तुला वाटतं, तू उचललं की ते वाचलं. आईलाही तू अशीच शहरात उचलून नेलीस."

"अहो, आता कशाला ते?" वहिनी म्हणाल्या.

"आता नाही तर कधी? ती म्हणत होती ना, मला हलवू नका? दाराची चौकट धरून बसली होती. तू तिची बोटं सोडवलीस."

"तिचं दुखणं इथे कोण बघणार होतं, दादा? तुम्ही?"

"तिथे बघितलंस ना? बरी झाली?"

सिस्टरनी वाकून हवालदाराच्या केसांतलं एक कुसळ काढलं. मग म्हणाल्या, "नाही."

"फोन केला की तुझं एकच, बरी आहे, बरी आहे. काय करायची ती तिथे दिवसभर? सांग तरी."

"भिंती चाचपायची," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज वॉर्डातल्यासारखा सपाट झाला होता. "चूल शोधायची. कपाटाचं दार उघडून आत हात घालायची, अंगणात जायला. मी तिला हाताला धरून बसवायची. ती मला म्हणायची, बाई, तुमचे फार उपकार झाले, पण आता मला घरी सोडा. मला बाई म्हणायची, दादा. शेवटपर्यंत मला बाईच म्हणाली."

दादाने कुदळ खाली ठेवली. वहिनींनी तोंडावरचा रुमाल काढून डोळ्यांना लावला. मग दादाने पुन्हा कुदळ उचलली, कारण कुत्रं उन्हात पडलं होतं आणि माश्या यायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चहा घेऊन शेडवर गेल्या तर सिस्टर डोळ्यांना टॉवेल बांधून रांगत होत्या. गुडघे चुन्याने पांढरे झाले होते.

"अगबाई! आता हे काय काढलंत?"

"खोली आठवते आहे," सिस्टर म्हणाल्या. "उभं राहून आठवत नाही. तिच्या उंचीवरून आठवते. इथे कपाटाचा कोपरा होता. इथून वळलं की उंबरा."

वहिनींनी चहा खाली ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली. दादा आला, दारात उभा राहून बघत राहिला. पासष्टी उलटलेली बहीण चार पायांवर जमीन चाचपडत होती. मग तो मागे गेला आणि अंड्यांचे जुने ट्रे, विटा, प्लायवूडचे तुकडे असं जे हाताला लागेल ते घेऊन आला.

"कपाट कुठे म्हणालीस?"

"आणखी अलीकडे. हां. नाही, तिरकं नको, भिंतीला चिकटून."

"भिंत कुठाय?"

"तीच तर तुम्ही करताय."

दुपारपर्यंत प्लायवूडच्या गुडघाभर उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या. लोखंडी कपाट टेंपोतून आलंच होतं, ते त्याच्या जागी बसलं. "उंबरा पाहिजे," सिस्टर म्हणाल्या, "तिथे ती पाय उचलते." दादाने गोठ्याचा जुना वासा कापून आडवा टाकला. सिस्टर रांगत आल्या, त्यांचा हात वाशाला लागला आणि त्या म्हणाल्या, "इतका उंच नव्हता." दादाने वासा तासला. वहिनी मघापासून कडेला उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "पण चुन्याचा वास येतोय सगळा. तिच्या खोलीत चुन्याचा वास होता का?" आणि शेडमागे धुवायला टाकलेल्या गोणपाटांचा ढीग, शहरातल्या त्या खोल्यांच्या वासासकट, नाक न झाकता, छातीशी धरून आत घेऊन आल्या.

उशीला कपाटाशी ठेवलं. ती पाय वर धरून उभी राहिली. तिने लोखंडाला नाक लावलं, खाली गोणपाटाला लावलं. मग कपाटाच्या कोपऱ्याला वळसा घातला. सावकाश आली, वाशाशी थांबली, आणि पाय उचलून पलीकडे गेली. घमेल्याशी पोचली तेव्हा ती इतकं पाणी प्यायली की सिस्टरना शेवटी घमेलं ओढून घ्यावं लागलं. दादा बाहेर जाऊन बिडी ओढत बसला. सिस्टरना रडू आलं नाही. आदल्या दिवसापासून आपण काही खाल्लेलं नाही, हे त्यांना एकदम जाणवलं.

पण एवढंच. चहूकडे एवढा माळ पसरलेला, आणि उशी त्या गुडघाभर भिंतींच्या बाहेर पुन्हा कधी गेली नाही. मोकळी हवा म्हणून जी आणली, ती हवा तिला नकोच होती. इतरांतलीही एकेक गेली. कुणी ओल्या हवेत छाती भरून गेलं, कुणी साप चावून. दोन मांजरं जाळीतून निघाली ती परत आली नाहीत. डॉक्टरीणबाई शहरात आणि गावात फक्त गाईगुरांचा डॉक्टर. थंडी पडेपर्यंत सोबत आलेल्यांपैकी निम्मी उरली. बांधाशी मातीचे उंचवटे झाले. वहिनी तिथून जाताना पाय बाजूने टाकत.

थंडीत उशीने खाणं सोडलं. पोट फुगलं, श्वास घेताना कण्हायला लागली. सिस्टरनी तिच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं आणि स्वतःहून शहरात फोन लावला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आल्या. या वेळी कुणी काही समजावलं नाही आणि कुणी अडून बसलं नाही. उशीला मधल्या खोलीत, तिच्या गोणपाटावर, सिस्टरच्या मांडीवर डोकं देऊन निजवलं. सुई टोचली तेव्हा तिने कान हलवला. दादाने तिचे मागचे पाय धरले होते. धरायची गरज नव्हती, पण त्याने धरले होते. बराच वेळ झाला तरी त्याने ते सोडले नाहीत.

डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या, "सिस्टर, शहरात अजून लोक तुमचा नंबर विचारतात."

"विचारू देत," सिस्टर म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात एक फोन आला. माणूस अदबीने बोलत होता. सगळं कुटुंब परदेशी चाललं होतं, मुलाची नोकरी तिकडे. कुत्रं चौदा वर्षांचं, हातावर वाढलेलं, गरीब. खर्चाची काळजी नको, गाडीने आणून सोडू, तुमच्याकडची मोकळी जागा फोटोत पाहिली, फार आवडली.

"दिसतं का त्याला?" सिस्टरनी विचारलं.

"आता कमीच. पण घरातल्या घरात सगळं करतो. कुणाला कळतही नाही."

सिस्टरची नजर प्लायवूडच्या भिंतींकडे गेली. मग म्हणाल्या, "त्याला हलवू नका."

"म्हणजे?"

"घरात कुणीतरी मागे थांबा, तो आहे तोवर. नाहीच जमलं तर नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलवा. त्याच्या स्वतःच्या अंथरुणावर. आणि तुम्ही जवळ बसा. खोलीबाहेर उभे राहू नका."

पलीकडच्या माणसाचा आवाज चढला. "तुम्ही मला कुत्रं मारायला सांगताय? प्राण्यांचा आश्रम चालवता ना तुम्ही? मग तुम्ही बसलाय तरी कशासाठी?"

"आहेत तेवढ्यांसाठी," असं त्या म्हणाल्या, पण तोवर फोन बंद झाला होता.

दारात दादा भाताचं पातेलं घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "दुसरीकडे कुठेतरी टाकेल तो," तो म्हणाला.

"टाकेल," सिस्टर म्हणाल्या. जनावर ठेवून घ्यायला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी नाही म्हटलं होतं आणि ते बरोबर की चूक हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांनी पातेलं त्याच्या हातून घेतलं आणि उरलेल्यांची ताटं भरायला बसल्या. भात कालवता कालवता त्यांचा हात मध्येच थांबला. त्या कुत्र्याचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.